तालुका नसलेला जिल्हा

मामांनी सारी नोकरी तलाठी म्हणून केली, तीही रत्नागिरी जिल्ह्यातच. निवृत्त झाले तरी खिशातली वही सुटलेली नाही. कुठेही गेले की नव्या पानावर तीन ओळी लिहितात: गाव, तालुका, जिल्हा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोतीबिंदू दाखवायला आमच्याकडे गिरगावात आले आणि सकाळच्या चहाबरोबर वही उघडून त्यांनी विचारलं, "काय रे, तुमच्या गिरगावचा तालुका कुठला?"

मी जन्मापासून गिरगावकर. पटकन म्हणालो, "मुंबई."

"तो जिल्हा झाला."

मला उत्तर येईना. शोधायला बसलो तेव्हा कळलं, की मुंबई शहर जिल्ह्याला तालुकाच नाही. १ ऑक्टोबर १९९० ला बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले. उपनगर जिल्ह्याला कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन तालुके मिळाले, शहर जिल्ह्याला एकही नाही. इथे जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही, ग्रामपंचायत नाही आणि सातबाराही नाही. फोर्टातल्या जुन्या जकातघरात जिल्हाधिकारी बसतात आणि त्यांच्या हाताखाली आहेत एकोणीस महसूल विभाग. गिरगाव हा त्यातला एक, परळ-शिवडी दुसरा, लोअर परळ तिसरा, दादर-नायगाव चौथा.

"तालुका नसलेला जिल्हा म्हणजे खांब नसलेला मांडव," मामा म्हणाले. "सातबारा नाही, तर मग जमीन कशावर चालते?"

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची फाइल घरात होती. तिच्यातून मिळकत पत्रकाची प्रत काढून मामांपुढे ठेवली. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी नेऊन त्यांनी तो वाचला. वर 'गिरगाव डिव्हिजन', खाली सी. एस. नंबर, म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झालेल्या मोजणीचा क्रमांक. त्याच्याही आधीच्या, १८६५ ते १८७२ या काळातल्या लॉफ्टनच्या मोजणीचा नंबर शेजारी होता. धारणाप्रकारासमोर टंकलेखन यंत्राने उमटवलेले शब्द होते: पेन्शन अँड टॅक्स.

"घराला पेन्शन?" मामा हसले.

ही पेन्शन निवृत्तांची नव्हे. पोर्तुगीज भाषेत खंडासाठी असलेला शब्द इंग्रजांच्या दफ्तरात घासून घासून तसा झाला. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली तेव्हा इथल्या जमीनदारांकडे पोर्तुगीज अमदानीतले हक्क होते. ते खरे किती आणि खोटे किती, यावर वाद सुरू झाला. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने १६७२ मध्ये तडजोड केली: जमिनी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच राहाव्यात आणि सगळ्यांनी मिळून कंपनीला वर्षाला वीस हजार शेराफिन द्यावेत. शेराफिन हे पोर्तुगीजांचं चांदीचं नाणं. त्या तडजोडीचं नाव आमच्या चाळीच्या कागदावर अजून आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेलाही मुंबई शहरासाठी वेगळं, चौदावं प्रकरण ठेवावं लागलं.

मामांनी वहीत गाव लिहिलं, जिल्हा लिहिला, मधली ओळ कोरी सोडली. "चल," म्हणाले, "गाव कुठे लपलंय ते बघू." गिरगावातून लालबाग, परळ करत दादरपर्यंत जायचं ठरलं. पाऊस अजून लागला नव्हता, पण आभाळ भरलेलं होतं.

गिरगावात गाव शोधायला लांब जावं लागत नाही. गल्लीच्या पाट्या वाचल्या तरी पुरे. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, जांभूळवाडी, कांदेवाडी. गिरगाव म्हणजे गिरिग्राम, मलबारच्या टेकडीच्या पायथ्याचं गाव, अशी व्युत्पत्ती सांगतात. ते गाव बागांचं होतं हे तर नावंच सांगतात. मामा थबकले ते मुगभाटाच्या पाटीपाशी. पुढे बोरभाटही आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. गोव्यात माडा-पोफळीच्या बागेला आजही भाट म्हणतात आणि तिच्या मालकाला भाटकार. लहानपणापासून 'मुगभाट लेन' म्हणत आलो, पण त्यात कुणाची तरी मुगाची जमीन आहे हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. १८०३ मध्ये फोर्टात मोठी आग लागली. त्यानंतर किल्ल्याबाहेर वस्ती वाढत गेली, बागांच्या जागी घरं आणि मग चाळी आल्या. झाडं गेली, वाडी हा शब्द राहिला. आता वाडी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात दोन्ही बाजूंच्या चाळी, मधला बोळ आणि टोकाचं देऊळ.

खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, नक्षीच्या कठड्यांची थोडी घरं उभी आहेत. मराठी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली. एका दारात तुळस, समोरच्या भिंतीवर क्रूस. वाडीचं नाव पाठारे प्रभू समाजातल्या खोत घराण्यावरून पडलं, पण 'खोत' शब्दाने कोकणातला तलाठी दचकणारच. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सारा वसूल करणारा, आणि पुष्कळदा कुळाच्या उरावर बसणारा. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. "आमच्याकडे खोत गेले, तुमच्याकडे पाटी लावून बसलेत," मामा म्हणाले. खोताची ही गोष्ट दादरपर्यंत आमच्याबरोबर येणार आहे, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

गिरगाव सोडताना एक गोष्ट मामांना सांगितली, ती त्यांना अजिबात खरी वाटेना. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाच्या तहात, १६६१ मध्ये, मुंबई चार्ल्सला मिळाली. त्याने २७ मार्च १६६८ च्या सनदेने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंड सोन्याच्या खंडाने. सनदेत लिहिलं होतं, की हे बेट केंट परगण्यातल्या पूर्व ग्रीनिचच्या जहागिरीतल्या जमिनीसारखं धारण करावं. इंग्लंडच्या राजाला परदेशातली जमीन द्यायची तर आपल्याच कायद्यातला साचा वापरावा लागे, आणि पूर्व ग्रीनिच हा तो ठरीव साचा होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या सनदेतही तोच आहे.

"म्हणजे गिरगाव, मौजे ग्रीनिच, परगणे केंट," मामांनी हिशेब केला. पण वहीत काही लिहिलं नाही.

ग्रँट रोडहून फोरास रोडला लागलो. या रस्त्याचं नाव उच्चारताना मुंबईकर जरा आवाज खाली आणतो. पण फोरास हा मुळात महसुली शब्द. खाऱ्या पाण्यातून सोडवलेली जमीन लागवडीला आणणाऱ्याने जो हलका सारा भरायचा, तो फोरास. पुढे १८५१ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाही झाला. या वस्तीची जमीन एके काळी भरतीच्या पाण्याखाली असे.

मुंबईची सात बेटं सगळे शाळेत शिकतात, पण चालत गेल्याशिवाय ती पायांना कळत नाहीत. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी अशी काळ्या दगडाची एक रांग, पूर्वेला माझगाव, परळ, शिवडी अशी दुसरी, आणि मधोमध खोलगट सखल पट्टा. गिरगाव मुंबई नावाच्या बेटावर, लालबाग आणि परळ हे परळच्या बेटावर. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडारातून समुद्र आत येई आणि मधला पट्टा दिवसातून दोनदा भिजे. उमरखाडी, पायधुणी ही नावं त्या पाण्याचीच. हॉर्नबी गव्हर्नर असताना, १७८४ च्या सुमारास, ते खिंडार बांध घालून बुजवलं. बांध सारखा खचत होता, तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना स्वप्नात दृष्टांत झाला, समुद्रातून देवींच्या मूर्ती निघाल्या, देऊळ बांधलं आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची कथा आहे.

मामांना यातलं काहीच नवं वाटलं नाही. "खारबंधाराच की," ते म्हणाले. "आमच्या खाडीला असले कितीतरी. बांध घालायचा, दोन-तीन पावसाळे जमीन धुऊ द्यायची, मग भात लावायचं. फक्त एक ध्यानात ठेवायचं. बांध फुटला की पाणी आपल्या जुन्या जागी येतं. त्याला सात पिढ्यांची वाट आठवते."

नागपाडा, सात रस्ता करत चिंचपोकळीचा पूल चढलो आणि लालबागेत उतरलो. इथे शिरताना आधी वास आला. पावसाआधीच्या मसाल्यांचा हंगाम संपत आला होता, तरी मसाल्याच्या गल्लीत शेवटची गडबड होती. दुकानापुढे बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग. बायका घरचं प्रमाण कागदावर लिहून आणतात, आपल्यासमोर तोलून घेतात, कढईत धणे, दगडफूल, नागकेशर भाजून घेतात आणि डंकावर कुटायला देतात. लोखंडी मुसळं वरखाली होत असतात. तिथे उभं राहिलेला प्रत्येक जण शिंकतो आणि कुणी जागा सोडत नाही, कारण आपल्या मसाल्यात दुसऱ्याची मिरची मिसळली तर वर्षाची आमटी बिघडते. एक बाई मालवणी मसाला कुटून घेत होती, तिच्या मागची घाटावरची कांदा-लसूण मसाला. दोघींच्या पिशव्या शेजारी शेजारी. लालबागेची लोकसंख्या मोजायला याहून चांगली जागा नाही.

ही माणसं आणली गिरण्यांनी. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये ताडदेवला स्थापन झाली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, शिवडी मिळून गिरणगाव उभं राहिलं. कोकणातून, साताऱ्याकडून माणसं आली, पण येताना गाव मागे ठेवून आली नाहीत. इथल्या चाळींत गावकरी मंडळांच्या खोल्या असत, काही अजून आहेत. गावाने मिळून घेतलेली एक खोली. भिंतीला फळीवर ट्रंका, दोरीवर कपडे, महिन्याची वर्गणी, जेवण खानावळीत. एका पाळीचे कामगार उठून गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर अंथरूण टाकत. मामांच्या गावाचीही अशी खोली लालबागेत होती. "मी दुष्काळाच्या सालात, शाळा सुटल्यावर, दोन महिने राहिलो होतो तिथे," ते म्हणाले. "भांडण झालं तर न्याय खोलीतच व्हायचा. मोठं असलं तर गावाला पत्र जायचं. तुमच्या जिल्ह्यात ग्रामपंचायत नाही म्हणतोस, आमच्या गावची होती इथे."

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ जण परत कामावर गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी आता काचेचे मनोरे आहेत. वस्ती वाढल्यासारखी दिसते, पण जनगणना वेगळं सांगते: २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात ३३ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. मनोरे वाढत गेले आणि माणसं अडीच लाखांनी घटली.

लालबागेतून परळ गावाकडे वळलं की रस्ता हळूच चढतो. बेट असल्याची ही एवढीच खूण उरली आहे. १९३१ मध्ये इथून शिवडीकडे रस्ता काढताना जमिनीत एक मोठी शिळा सापडली. ती बारादेवीच्या देवळात ठेवली आहे. आतल्या कमी उजेडात आधी नुसता दगड दिसतो, माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंच. मग डोळे सरावतात. मध्ये शिव उभा आहे. त्याच्या खांद्यामागून दुसरा वर निघतो, त्याच्याही वर तिसरा. खालच्या दोघांच्या अंगातून डावी-उजवीकडे आणखी दोन-दोन आकृती फुटल्यासारख्या कललेल्या. सगळे मिळून सात. पायथ्याशी वाद्यं घेतलेले गण, काही भाग घडवायचा राहून गेलेला. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं हे काम, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या जवळच्या काळातलं. सात शिव आणि सात बेटं हा योगायोगच, पण मामांनी तो मोजून घेतला.

एवढं मोठं शिल्प घडवणारी वस्ती इथे तेव्हा होती. पुढे माहीम हा कसबा झाला. महिकावतीच्या बखरीत बिंब राजाने इथे कुळं आणून वसवल्याची हकिकत आहे. ही बखर इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापली. नायगाव म्हणजे न्यायग्राम, बिंबाच्या न्यायसभेची जागा, असंही सांगतात. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई आणि ही बेटं पोर्तुगीजांना दिली. परळ, वडाळा, शीव, वरळी ही गावं माहीमच्या कसब्याकडेच राहिली.

भानगड झाली ती इंग्रजांना मुंबई मिळाल्यावर. मुंबई म्हणजे किती? पोर्तुगीज म्हणाले, मुंबई म्हणजे मुंबईचं तेवढं बेट. माहीम, परळ आमचंच. १८ फेब्रुवारी १६६५ ला ताबा घेणाऱ्या हंफ्री कुकने मात्र माहीमही आपल्याकडे ओढलं. त्याचा मुद्दा साधा होता: ओहोटीला इथून तिथे पायी जाता येतं, मग बेट एकच. पोर्तुगीजांनी आरडाओरडा केला, पण माहीम परत गेलं नाही. १६७० मध्ये कंपनीने न्यायनिवाड्यासाठी बेटाचे दोन भाग केले, तेव्हाही पाण्याचीच जुनी रेघ कामी आली: एकीकडे मुंबई, माझगाव आणि गिरगाव, दुसरीकडे माहीम, परळ, शीव आणि वरळी.

"सापडले!" मामा देवळाच्या पायरीवर बसत म्हणाले. "हे तुमचे दोन तालुके. सकाळी निघालो तो तालुका एक, आता बसलोय तो दुसरा."

परळच्या उंचवट्यावर जुनं गव्हर्नमेंट हाऊस आहे. मुळात पोर्तुगीज काळातला मठ, मग गव्हर्नरांचं निवासस्थान, आणि १८९९ पासून डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा, आजची हाफकिन संस्था. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि शहराच्या कारभाराचा नकाशा त्याने बदलला. दाट वस्त्या मोकळ्या करायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रस्ते पाडले, चाळी बांधल्या, उत्तरेकडची शेतं आखून दादर-माटुंग्याच्या कॉलन्या वसवल्या, आणि १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला. दामोदर हॉलजवळ त्याच ट्रस्टची, बी. आय. टी. चाळ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या चाळीतल्या दोन खोल्यांत १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले.

मामा चाळीसमोर चपला काढून क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, "खोतीचं बिल." १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक बाबासाहेबांनी मांडलं होतं. तोवर ते परळहून दादरच्या हिंदू कॉलनीत, 'राजगृहा'त राहायला गेले होते. चाळ ट्रस्टची, कॉलनीही ट्रस्टनेच आखलेली. त्या काळातल्या मुंबईने माणसाला वर चढायला दिलेल्या दोन पायऱ्या. दादर या शब्दाचा अर्थही जिनाच. ज्यांच्या नावाची वाडी सकाळी पाहिली, त्या खोतांच्या पदाविरुद्धचा पहिला कायद्याचा कागद मामांच्या हिशेबी या वाटेवर तयार झाला होता.

परळ उतरलो की हिंदमाता. मुंबईत पाऊस पडला की बातमीत हे नाव येतंच. कारण नकाशात आहे: दोन रांगांमधल्या त्या खोलगट पट्ट्याचा हा तळ. भर टाकली, रस्ते केले, थिएटर आलं, उड्डाणपूल आला, पण जमीन होती त्याच उंचीला राहिली. गटारांची तोंडं समुद्राकडे, आणि मोठी भरती असली की तीच तोंडं बंद. महापालिकेची माणसं पंप लावून ठेवत होती. मामा कठड्याला टेकून बघत राहिले. "सांगितलं ना, पाण्याला वाट आठवते."

दादरला दोन रेल्वे, दोन वॉर्ड आणि दोन स्वभाव. रुळांच्या पूर्वेला एफ, पश्चिमेला जी. ही इंग्रजी अक्षरं महापालिकेची, आणि महापालिका चालते अजून १८८८ च्या कायद्यावर. फलाटांचे आकडेही दोन्ही रेल्वेंचे वेगवेगळे होते. ते सलग झाले २०२३ मध्ये. ट्राम बंद होऊन साठ वर्षं झाली तरी पूर्वेच्या चौकाला लोक 'दादर टीटी' म्हणतात, त्यातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. टिळक पूल ओलांडून पश्चिमेला आलो. पोर्तुगीज चर्चची इमारत चार्ल्स कोरिया यांनी आखलेली, नव्या वळणाची, पण स्थापना १५९६ ची. लोक बसथांब्याचं नाव म्हणून 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात आणि पुढे सरकतात.

पाय दमले होते. जवळच प्रमोद महाजन कला उद्यानात बाकावर बसलो. मुलं घसरगुंडीवर होती. मामांना म्हटलं, आपण बसलोय त्या बागेच्या पोटात भली मोठी टाकी आहे. पाऊस आणि भरती एकदम आली, की हिंदमाताचं पाणी पंपाने इथे आणून साठवायचं आणि ओहोटी लागली की समुद्रात सोडायचं. परळच्या झेवियर मैदानाखालीही अशीच टाकी आहे.

"म्हणजे एवढं सगळं करून शेवटी ओहोटीचीच वाट बघायची?"

"हो."

मामांनी वही काढली. सकाळचं पान उघडलं. गावापुढे 'गिरगाव ते दादर' अशी दुरुस्ती केली. मग पेनाचं टोपण दातात धरून, तलाठ्याच्या गोल अक्षरात मधली ओळ भरली: 'तालुका: नाही. ओहोटीला पायी जाता येते.'